माणसांत फरक दिसतात, मग वंश का मानायचे नाहीत?

मानवशास्त्राच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने तीन प्रश्न एकदम विचारले आहेत. पुस्तक म्हणतं की माणसांत जैविक वंश नाहीत. पण फरक तर डोळ्यांना दिसतात, डीएनए चाचणी पूर्वज कोणत्या खंडातले तेही सांगते, मग वंश नाहीत कसे? दुसरं, वंशाची वर्गवारी नाकारणारं तेच पुस्तक पुढच्याच प्रकरणात माणसांची अन्नसंकलक (शिकार करून आणि रानातलं अन्न गोळा करून जगणारे), पशुपालक, शेतकरी अशी विभागणी करतं. ती कशी चालते? आणि तिसरं, आजचे अन्नसंकलक म्हणजे आपल्या आदिम पूर्वजांचं चित्र समजायचं का?

हे प्रश्न वेगवेगळ्या प्रकरणांतले वाटले तरी ते एकाच धाग्यात ओवलेले आहेत, म्हणून उत्तरही सलगच देतो. लांबेल, पण घाईने दिलेल्या उत्तरांनीच या विषयात सगळा गोंधळ झालेला आहे.

आधी मूळ मुद्दा सांगतो. फरक खरे आहेत, त्यातले बरेच आनुवंशिक आहेत आणि ते भूगोलानुसार बदलतात. हे कुणी नाकारत नाही. नाकारलं जातं ते एवढंच की हे सगळे फरक एकाच जागी तुटतात आणि त्यातून चार-पाच गट आपोआप वेगळे पडतात. तसं होत नाही. त्वचेच्या रंगाची वाटणी एका रेषेने होते, रक्तगटांची दुसऱ्या, दूध पचवण्याची तिसऱ्या. म्हणून मी विद्यार्थ्यांना पहिल्या तासापासून एकच सवय लावायला सांगतो: एका वेळी एक गुण घ्या, तो नकाशावर कसा पसरलाय ते बघा, आणि का पसरलाय ते विचारा.

वर्गवारी हातातल्या हत्याराने कशी होते ते एकदा जवळून बघणं गरजेचं आहे. स्वीडनच्या आंदेर्स रेट्झियस यांनी 1840 च्या दशकात कपाल निर्देशांक मांडला आणि पुढची शंभर वर्षं वंश ठरवायला तो सर्रास वापरला गेला. कवटी हातात घ्यायची. वाकड्या टोकांच्या कॅलिपरचं एक टोक दोन भुवयांच्या मधल्या उंचवट्यावर टेकवायचं आणि दुसरं मागच्या बाजूला वरखाली सरकवत सगळ्यात लांबचा बिंदू शोधायचा. ही लांबी. मग दोन्ही बाजूंनी कॅलिपर लावून सगळ्यात जास्त रुंदी शोधायची. रुंदीला लांबीने भागून 100 ने गुणायचं. उत्तर 75 च्या खाली आलं तर कवटी लांबट, 80 च्या वर गेलं तर रुंद, मधलं ते मध्यम. आता समजा लांबी 186 मिलिमीटर आहे आणि रुंदी 139. निर्देशांक 74.7 येतो, कवटी लांबट. रुंदी 140 भरली तर 75.3, कवटी मध्यम. एका मिलिमीटरने गट बदलला. दोन सराईत माणसांनी तीच कवटी मोजली तरी मोजमापात मिलिमीटरभर फरक पडू शकतो. मोजमाप खोटं नाही, कवटीही खरी आहे. 75 चा आकडा मात्र माणसाने ठरवलेला आहे. लांबट ते रुंद अशा कवट्यांची सलग रांग आहे आणि तिच्यात कुठेही नैसर्गिक खाच नाही.

ही मूळची अडचण वर्गवारी करणाऱ्यांनाही दिसत होती. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने 1735 मध्ये माणसाचे खंडांनुसार चार प्रकार केले आणि 1758 च्या आवृत्तीत त्यांना स्वभावही चिकटवून दिले: कुणी चपळ, कुणी खिन्न, कुणी आळशी. रंग आणि स्वभाव एकाच ओळीत लिहिण्याचा हा प्रकार पुढे फार महाग पडला. जर्मन शरीरशास्त्रज्ञ ब्लूमेनबाख यांनी 1795 पर्यंत पाच प्रकार नक्की केले. त्याच वेळी हे प्रकार एकमेकांत इतके मिसळत जातात की त्यांच्यात रेषा ओढता येत नाही, असंही त्यांनी स्वतःच नोंदवलं. पुढच्यांनी पाच प्रकार तेवढे उचलले आणि ती नोंद मागे राहिली. त्यानंतर कुणी तीन वंश मोजले, कुणी तीसहून अधिक. माणसं तीच, मोजणाऱ्यागणिक आकडा वेगळा.

मोजमापं प्रामाणिकपणे केली की ती अनेकदा मोजणाऱ्याच्या अपेक्षेविरुद्ध जात. मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी 1908 ते 1910 या काळात न्यूयॉर्कमध्ये स्थलांतरित आणि त्यांची मुलं मिळून जवळपास 18,000 जणांची मापं घेतली. अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या डोक्याचा आकार आईवडिलांपेक्षा थोडा वेगळा निघाला. हा फरक नेमका किती मोठा, यावर 2002-03 मध्ये त्याच आकड्यांवरून पुन्हा वाद झाला. पण डोक्याचा आकार दगडावरची रेघ आहे, हा समज बोआस यांच्या त्या अभ्यासाने पहिल्यांदा हलवला. इरावती कर्वे यांचं उदाहरण आपल्याकडे पुरेसं सांगितलं जात नाही याची मला खंत आहे. 1920 च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला वंशवादी मानवशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधन करत होत्या. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतली असमानता आणि वंश यांचं नातं आहे, ही तिथली धारणा. कर्वे यांनी कवट्या मोजल्या, त्यांना असं नातं दिसलं नाही, आणि त्यांनी तसंच लिहून दिलं. ज्या संस्थेत आणि ज्या काळात त्यांनी ते लिहिलं, ते पाहता याला मोठं धैर्य लागलं असणार.

आता गुणांकडे येऊ.

त्वचेचा रंग सगळ्यात आधी डोळ्यांत भरतो, म्हणून तोच आधी घेऊ. विषुववृत्ताजवळ अतिनील किरण तीव्र. ते शरीरातलं फॉलेट हे जीवनसत्त्व नष्ट करतात आणि फॉलेट गर्भाच्या वाढीला आवश्यक आहे, त्यामुळे तिथे जास्त मेलॅनिन (रंगद्रव्य) असलेली गडद त्वचा फायद्याची ठरली. ध्रुवांकडे सरकलं की प्रश्न उलटतो. त्याच किरणांच्या मदतीने त्वचा ड जीवनसत्त्व बनवते, आणि किरणच कमी असतील तर फिकट त्वचा उपयोगी पडते. नीना याब्लोन्स्की आणि जॉर्ज चॅप्लिन यांनी 2000 मध्ये हा हिशेब नीट मांडला. म्हणूनच आफ्रिका, दक्षिण भारत आणि मेलानेशिया इथल्या लोकांची त्वचा गडद असते, पण त्यांची आपसातली आनुवंशिक जवळीक रंगावरून ठरत नाही. नाईलच्या मुखापासून तिच्या उगमाकडे पायी चालत गेलात तर वाटेत भेटणाऱ्या माणसांचा रंग हळूहळू गडद होत जातो, आणि इथे एक वंश संपला, दुसरा सुरू झाला असं सांगता येईल असं गाव कुठेही लागत नाही. अशा सलग चढउताराला क्लाइन म्हणतात. फ्रँक लिव्हिंगस्टन यांनी 1962 मध्ये ठामपणे म्हटलं की वंश नसतातच, असतात ते फक्त क्लाइन. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

केस बघा. पॅसिफिक महासागरातल्या सॉलोमन बेटांवरच्या गडद त्वचेच्या लोकांत काही जणांचे केस सोनेरी असतात. पूर्वी लोक म्हणत, युरोपीय खलाशांची देणगी असेल. 2012 मध्ये त्यामागचा जनुकबदल सापडला आणि तो युरोपीय लोकांत नाहीच. तिथल्या तिथे, स्वतंत्रपणे उगवलेला बदल.

उंची बघा. मध्य आफ्रिकेतल्या वर्षावनातले म्बूती आणि बियाका, फिलिपिन्समधले आग्टा, अंदमानचे ओंगे हे सगळे ठेंगणे आणि गडद. जुन्या वर्गवारीने यांतल्या आशियातल्यांना एकत्र घालून आफ्रिकेशी नातं जोडलं होतं. जनुकं वेगळंच सांगतात: आशियातले हे समूह आफ्रिकेतल्या ठेंगण्या समूहांपेक्षा आपापल्या आशियाई शेजाऱ्यांच्या कितीतरी जवळचे आहेत. ठेंगणेपणा वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळा घडलेला आहे. दिसण्यावरून नातं जोडलं की काय होतं, त्याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा मिळणं कठीण.

रक्तगटांची तर वेगळीच तऱ्हा. पहिल्या महायुद्धात ग्रीसमधल्या सालोनिका इथे निरनिराळ्या देशांच्या फौजा एकत्र आल्या होत्या. लुडविक आणि हान्ना हिर्शफेल्ड या दांपत्याने हजारो सैनिकांचं रक्त तपासून 1919 मध्ये निष्कर्ष छापले. बी गटाचं प्रमाण पश्चिम युरोपातून आशियाकडे येताना वाढत जातं, आणि या चढणीचा त्वचेच्या रंगाशी काही मेळ बसत नाही. दक्षिण अमेरिकेतले मूळ रहिवासी जवळपास सगळे ओ गटाचे. रक्तगटावरून माणसांचे वंश पाडायला बसलात तर रंगावरून पाडलेला प्रत्येक वंश मोडून पडतो.

आता डीएनए चाचणीचा आक्षेप. हा या प्रश्नांतला सगळ्यात चांगला आक्षेप आहे आणि त्याला झटकून टाकणं मला पटत नाही.

दोन माणसांच्या डीएनएमध्ये साधारण हजार अक्षरांमागे एक अक्षर वेगळं असतं. संपूर्ण जनुकसंच सुमारे तीन अब्ज अक्षरांचा, म्हणजे फरकाच्या जागा तीसेक लाख. प्रमाण छोटं, पण संख्या लहान नाही. रिचर्ड लेवॉन्टिन यांनी 1972 मध्ये रक्तगट आणि प्रथिनं यांच्या आधारे विचारलं की माणसातली एकूण विविधता राहते कुठे. सुमारे 85 टक्के विविधता एकाच लोकसमूहाच्या आत सापडते, आणि तथाकथित वंशांमधला फरक जेमतेम 6 टक्क्यांचा. पुढे कितीतरी अधिक माहिती हाती आली तरी हे गुणोत्तर फारसं बदललं नाही.

पण इथे थांबणारी पुस्तकं अर्धीच गोष्ट सांगतात. 2003 मध्ये ए. डब्ल्यू. एफ. एडवर्ड्स यांनी दाखवून दिलं की एकेका जागी फरक किरकोळ असला तरी शेकडो जागा एकत्र बघितल्या तर माणसाचे पूर्वज कोणत्या भागातले हे बऱ्याच खात्रीने सांगता येतं. हे बरोबर आहे. चाचणी करणाऱ्या कंपन्या हेच करतात. तुमचा नमुना आज वेगवेगळ्या प्रदेशांत राहणाऱ्या लोकांच्या नमुन्यांशी ताडून बघतात आणि कुणाशी किती जुळतो ते संभाव्यतेत सांगतात.

मग यातून वंश सिद्ध होतात का? 2002 मध्ये नोआ रोझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी 52 लोकसमूहांतल्या हजाराहून अधिक व्यक्तींच्या 377 जागा तपासल्या. त्यांच्या संगणकीय पद्धतीला किती गट पाडायचे हे आधी सांगावं लागतं. पाच सांगितले, तेव्हा ढोबळमानाने आफ्रिका, युरोपपासून दक्षिण आशियापर्यंतचा पट्टा, पूर्व आशिया, ओशेनिया आणि अमेरिका असे गट पडले. वंशवाद्यांनी हे चित्र उचलून धरलं. मग सहा गट पाडायला सांगितले, तेव्हा सहावा गट निघाला हिंदुकुश पर्वतातल्या कलाश लोकांचा. डोंगरात वेगळा राहिलेला काही हजारांचा समाज. त्याला स्वतंत्र वंश म्हणायला कुणीच तयार होणार नाही. त्याच अभ्यासात 93 ते 95 टक्के विविधता समूहांच्या आतच होती. म्हणजे पूर्वजांचा भूगोल डीएनएमध्ये उमटतो, हे खरं. गट किती पाडायचे हे डीएनए सांगत नाही, ते आपण ठरवतो. आणि एक गोष्ट अजून: आफ्रिकेच्या आतली आनुवंशिक विविधता उरलेल्या जगापेक्षा जास्त आहे, कारण सुमारे 60-70 हजार वर्षांपूर्वी तिथून बाहेर पडलेल्या माणसांनी त्या विविधतेचा थोडाच हिस्सा सोबत नेला. त्यामुळे अख्ख्या आफ्रिकेला एक वंश ठरवणं हे जनुकांच्या दृष्टीने सगळ्यात निराधार पाऊल.

वंश जैविक नाही म्हणून त्याचे परिणाम खोटे ठरत नाहीत. 1999 पासून अमेरिकेत मूत्रपिंडाचं कार्य मोजण्याच्या सूत्रात कृष्णवर्णीय रुग्णांसाठी एक गुणक होता. त्याने त्यांचं मूत्रपिंड कागदावर आहे त्याहून चांगलं दिसे आणि प्रत्यारोपणाच्या यादीत नाव लागायला उशीर होई. हा गुणक 2021 मध्ये काढून टाकण्यात आला. वर्ग कल्पनेतला, पण शरीरावर बसलेला फटका खरा. डॉक्टर होऊ घातलेल्यांनी तर हे पाठच करावं.

दुसऱ्या प्रश्नाकडे वळण्याआधी एक फरक स्पष्ट करून घेऊ, कारण परीक्षेत सगळ्यात जास्त गुण इथेच जातात. शरीर परिस्थितीला तीन वेगवेगळ्या वेगांनी जुळवून घेतं. काही दिवस-आठवड्यांत होणारा बदल: उंच डोंगरावर गेल्यावर रक्तातल्या तांबड्या पेशी वाढणं, खाली आल्यावर पुन्हा कमी होणं. बालपणीच्या वाढीत होणारा आणि मग कायम राहणारा बदल: अमेरिकेत वाढलेली माया या मूळ रहिवासी समाजाची मुलं ग्वाटेमालात वाढलेल्या माया मुलांपेक्षा सरासरी सुमारे 10 सेंटिमीटर उंच निघाली, जनुकं तीच असताना. आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून जनुकांत होणारा बदल. उंची मोठ्या प्रमाणात आनुवंशिक आहे आणि तरीही अन्न-आरोग्यावर इतकी हलते, या दोन विधानांत विरोध नाही.

तिसऱ्या वेगाचं सुंदर उदाहरण म्हणजे उंचावरचं जगणं. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातले लोक विरळ हवेत हिमोग्लोबिन वाढवून भागवतात. तिबेटी लोकांचं हिमोग्लोबिन तेवढ्या उंचीवर अपेक्षेपेक्षा कमी राहतं, म्हणजे रक्त घट्ट होत नाही. त्यामागचा ईपीएएस1 या जनुकाचा प्रकार डेनिसोव्हन या नामशेष मानवांकडून आलेला आहे, हे 2014 मध्ये कळलं. इथिओपियाच्या पठारावर तर तिसरीच तऱ्हा आहे. अडचण एकच, उत्तरं तीन.

आणि आता उपजीविका. अन्न कसं मिळवतो हा समाजाच्या चालीरीतींचा विषय आणि जनुकं हा जीवशास्त्राचा, अशी पुस्तकांनी प्रकरणं पाडली आहेत. माझ्या मते नव्या विद्यार्थ्याचं सगळ्यात मोठं नुकसान ही भिंत करते.

दूध घ्या. सस्तन प्राण्याचं पिल्लू आईचं दूध सुटल्यावर दुधातली शर्करा पचवणारं लॅक्टेज हे विकर बनवणं कमी करतं, माणूसही त्यातच. न पचलेली दुग्धशर्करा मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू ती आंबवतात, पोट फुगतं, ढाळ होतात. जगातल्या साधारण दोन तृतीयांश प्रौढांत लॅक्टेज कमी असतं, तेव्हा ‘सामान्य’ कुणाला म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. जिथे पिढ्यान्‌पिढ्या जनावरांच्या दुधावर भिस्त राहिली, तिथे लॅक्टेज आयुष्यभर चालू ठेवणारे बदल पसरले. उत्तर युरोपात एक बदल, पूर्व आफ्रिकेतल्या पशुपालकांत दुसरा, अरबस्तानात उंट पाळणाऱ्यांत तिसरा. डीएनएच्या एकाच छोट्या पट्ट्यात, अगदी जवळजवळच्या अक्षरांवर, पण वेगवेगळे. पूर्व आफ्रिकेतला बदल सारा टिश्कॉफ यांच्या गटाने 2007 मध्ये शोधला. आधी जनावरं पाळली, मग शरीर बदललं. तेही सगळीकडे नाही: मंगोलियातले पशुपालक हजारो वर्षं दुधावर जगत आले, पण त्यांच्यातल्या बहुतेकांत असा बदल नाही. ते दूध आंबवून, त्याची शर्करा बरीच कमी करून खातात. एकाच अडचणीवर काहींच्या शरीराने मार्ग काढला, काहींच्या हातांनी.

हिवतापाची गोष्ट याहून खोल आहे. सिकलसेल या रक्तविकाराचं जनुक आई आणि वडील दोघांकडून आलं तर गंभीर आजार होतो, एकाकडूनच आलं तर फाल्सिपेरम या घातक प्रकारच्या हिवतापापासून बरंच संरक्षण मिळतं. हे 1954 मध्ये अँथनी ॲलिसन यांनी दाखवलं. चार वर्षांनी लिव्हिंगस्टन यांनी, त्याच क्लाइनवाल्या लिव्हिंगस्टन यांनी, पुढचा प्रश्न विचारला: पश्चिम आफ्रिकेत हिवताप इतका बळावलाच का? दाट जंगलात जमिनीवर ऊन पोचत नाही आणि पाणी साचून राहत नाही. शेतीसाठी झाडं तोडली की उघड्यावर उन्हातली डबकी होतात, आणि ॲनॉफेलिस गॅम्बी या डासाला अंडी घालायला नेमकी तीच लागतात. शेजारी कायमची गावं, डासाला रक्तही हाताशी. म्हणजे कुदळ आणि कुऱ्हाड हातात घेतलेल्या माणसाने आपल्याच रक्तावरची निवड बदलली. म्हणून सिकलसेल हिवतापाच्या मागोमाग जातो: मध्य आणि पश्चिम आफ्रिका, ग्रीसचा काही भाग, अरबस्तान, भारतातले कितीतरी आदिवासी समाज. दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा लोकांत तो जवळपास नाही. याला कृष्णवर्णीयांचा आजार म्हणणारा डॉक्टर ग्रीक रुग्णात तो शोधणारच नाही.

आणखी एक छोटं उदाहरण, माझं फार आवडतं. लाळेतलं पिष्ट पचवणारं विकर ज्या जनुकावरून बनतं, त्याच्या प्रती माणसागणिक कमीजास्त असतात. 2007 च्या एका अभ्यासात पिष्टमय अन्न भरपूर खाणाऱ्या समूहांत या प्रतींची सरासरी जास्त निघाली. टांझानियातले हाड्झा हे अन्नसंकलक कंद खाणारे, तेव्हा ते या बाबतीत जपानी लोकांच्या गटात गेले. त्यांच्याच शेजारी राहणारे, दूध-मांसावर जगणारे दाटोग पशुपालक सैबेरियातल्या याकूत लोकांबरोबर बसले. सरासरीचीच गोष्ट आहे, व्यक्ती-व्यक्तींत भरपूर सरमिसळ असते. तरी शेजाऱ्यांना दूर नेणारा आणि खंडापलीकडच्यांना जवळ आणणारा हा नकाशा वंशाच्या कुठल्याही कोष्टकात बसवून दाखवावा.

मग उपजीविकेची वर्गवारी का चालते? कारण ती माणसाचा जन्मजात प्रकार सांगत नाही, त्याचं काम सांगते. अन्नसंकलन, फिरती शेती, पशुपालन, नांगर-पाण्याची स्थिर शेती, औद्योगिक उत्पादन ही नावं घेतली की पुढचे प्रश्न विचारता येतात: अन्न साठवता येतं का, वस्ती किती हलते, एका जागी किती माणसं राहतात, जमिनीवर हक्क कुणाचा. एकच कुटुंब दोन-तीन प्रकारांत असू शकतं आणि एका पिढीत प्रकार बदलूही शकतं. उत्तर मिळालं की कप्पा बाजूला ठेवायचा. बिघडतं ते याच कप्प्यांची शिडी केली की.

शिडी केली ती लुइस हेन्री मॉर्गन यांनी, 1877 मध्ये: रानटी अवस्था, मग असंस्कृत, मग सुसंस्कृत, आणि प्रत्येकीला एकेक खूण. मडकी घडवता आली की माणूस दुसऱ्या पायरीवर. या खुणांमुळे पॉलिनेशियन लोक त्यांना खालच्या पायरीवर टाकावे लागले, आणि हवाई बेटांवर तर पाटाच्या पाण्यावरची तारोची (अळूच्या कंदाची) शेती आणि राज्यं होती. उलट जपानच्या जोमोन लोकांनी शेती नसताना पंधरा हजार वर्षांहून आधी मडकी घडवली, आणि पश्चिम आशियातल्या पहिल्या शेतकऱ्यांकडे मडकी नव्हती. खुणा क्रमाने येतच नाहीत.

समाजरचनाही ठरल्यासारखी येत नाही. अन्नसंकलक म्हणजे छोट्या टोळ्या आणि समानता, हे हाड्झा किंवा आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या कालाहारी वाळवंटातल्या जुहोआन्सी लोकांना बऱ्यापैकी लागू पडतं. उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचे क्वाक्वाक्यवाक्व आणि हैडा हेही शेती न करणारेच, पण सालमन मासा इतका येई आणि वाळवून साठवता येई की तिथे कायमची गावं, वंशपरंपरेचे सरदार आणि गुलामसुद्धा होते. माणसाला बांधून ठेवणारी गोष्ट नांगर नसून साठा आहे, असं मला या उदाहरणावरून वाटतं.

शेती म्हणजे सुखाकडे टाकलेलं पाऊल, हेही दातांवरून तपासता येतं. मूल वाढत असताना उपासमार किंवा मोठं आजारपण आलं की दाताचं वेष्टण घडायचं थबकतं आणि त्यावर आडवी खाच राहते. हाड नंतर भरून येतं, दाताचं वेष्टण पुन्हा घडत नाही, त्यामुळे ही नोंद मरेपर्यंत आणि मेल्यानंतरही टिकते. अमेरिकेत इलिनॉयमधल्या डिक्सन माउंड्स इथल्या दफनांत, लोक मक्याच्या शेतीकडे वळले तशा या खाचा वाढत गेल्या, रक्तक्षयाच्या आणि संसर्गाच्या खुणाही वाढल्या. मग लोक शेतीकडे का गेले आणि का टिकले? एक भक्कम कारण असं की एका जागी राहिल्यावर मुलांमधलं अंतर कमी होतं. जुहोआन्सी स्त्रियांत दोन बाळंतपणांत सुमारे चार वर्षं जात. शेतकरी समाजांत अंतर कमी, माणसं जास्त, आणि माणसं जास्त झाली की मागे फिरायला रान उरत नाही.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर शिडी उलटी करून टेकवल्यासारखं होईल. रिचर्ड ली यांनी 1964 मध्ये जुहोआन्सींच्या एका वस्तीत रोजची नोंद ठेवली आणि अन्न मिळवायला आठवड्याला जेमतेम अडीच दिवस लागतात असं दाखवलं. त्यावरून संकलकांच्या निवांत आयुष्याची मोठी कल्पना उभी राहिली. पण रानातून आणलेलं तसंच खाता येत नाही. मोंगोंगो या तिथल्या झाडाच्या बिया एकेक करून दगडावर फोडायच्या, पाणी-लाकूड आणायचं, हत्यारं नीट करायची. हे सगळं धरलं तर लींच्याच हिशेबाने आठवड्याचं काम चाळीस तासांच्या पुढे जातं. हाड्झा बायकांची खणती बघितली की हे पटतं. टोक केलेली काठी घेऊन त्या बसतात, खडकांच्या फटीत शिरलेला कंद मोकळा करतात, जाळावर थोडा भाजतात, सोलतात, चावतात आणि चोथा थुंकून टाकतात, कारण त्यात दोरेच जास्त. तरीही हर्मन पाँट्झर यांच्या गटाने 2012 मध्ये मोजलं तेव्हा हाड्झांचा दिवसाचा ऊर्जाखर्च, शरीराच्या आकाराचा हिशेब धरल्यावर, शहरी पाश्चात्त्यांइतकाच निघाला. याचा नीट उलगडा व्हायचा आहे आणि मला तो आजच्या काळातला फार महत्त्वाचा प्रश्न वाटतो.

तिसरा प्रश्न, हे लोक आपल्या पूर्वजांचं चित्र आहेत का? त्यांच्याकडून आपण शिकू शकतो ते एवढं की अमुक हत्यारांनी, अमुक भूभागात अन्न कसं मिळतं, वाटलं कसं जातं, मुलं कोण सांभाळतं. ही शक्यतांची माहिती आहे आणि ती अमूल्य आहे. पण हाड्झा आजच्या काळात, आजच्या शेजाऱ्यांत राहतात, आणि शेतकरी-पशुपालकांनी चांगली जमीन घेतल्यावर उरलेल्या भागात राहतात. फिलिपिन्समधले आग्टा शिकारीचं मांस देऊन शेजाऱ्यांकडून धान्य घेत आले आहेत. कालाहारीबद्दल तर 1989 मध्ये एडविन विल्म्सेन यांनी थेट म्हटलं की तिथले संकलक शतकानुशतकं पशुपालक आणि व्यापारी यांच्या व्यवहारात गुंतलेले होते, त्यांना अस्पर्श समजणं ही अभ्यासकांची कल्पना आहे. त्यावर कडाडून वाद झाला आणि प्रत्येक वस्तीचं उत्तर एकसारखं नाही. पण 2014 मध्ये जनुकांनी एक तपशील पुढे आणला. आफ्रिकेच्या नैऋत्य भागातले नामा पशुपालक वंशावळीने कालाहारीच्या संकलकांचे नातलग आहेत, आणि काहींचे भाषेनेही. त्यांच्यात दूध पचवण्याचा पूर्व आफ्रिकेतलाच तो बदल सापडला. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी उत्तरेकडून मेंढरं घेऊन आलेल्या माणसांबरोबर तो तिथे पोचला असणार. म्हणजे तिथली माणसं जगापासून तुटलेली नव्हती, आणि आजचे संकलक आपल्या पूर्वजांचं जसंच्या तसं चित्र नाहीत.